मागे जोडलेला डबा

२ एप्रिल

आजही रिव्हर्स जमला नाही. समोरच्या मैदानात शेजाऱ्यांनी दोन रिकामी पिंपं उभी करून दिली होती. त्यांच्या मधून डबा मागे न्यायचा, बस. दोन्ही पिंपं आडवी झाली. शेजारी सज्जन माणूस, हसले नाहीत. त्यांची बायको गॅलरीत उभी होती, ती आत जाऊन हसली असणार.

डबा म्हणजे यांनी बांधलेला ट्रेलर. निवृत्तीनंतर मागच्या शेडमध्ये ठाकठोक करत यांनी तो उभा केला. दोन बाकं, झोपताना त्यांचेच पलंग होतात, एक ओटा आणि नीट बंद न होणारी एक खिडकी. ‘आपण दोघं हिंडू,’ असं म्हणायचे. एकदाच गावाबाहेरच्या तळ्यापर्यंत नेला. मग हे गेले, आणि डबा शेडमध्येच राहिला.

आता तो लेकीला हवाय. ती जनावरांची डॉक्टर आहे, देशाच्या दुसऱ्या टोकाला, समुद्राजवळ. तिकडची गावं इतकी विखुरलेली की जनावर तिच्यापर्यंत आणेस्तोवर मरतं. डब्याचा फिरता दवाखाना करणार म्हणते. ट्रकवर चढवून पाठव, असं तिनेच सुचवलं होतं. मी म्हटलं, नको, मीच घेऊन येते. का म्हटलं कोण जाणे. अख्खी नोकरी नकाशा विभागात गेली. कुठला रस्ता कुठे जातो ते तोंडपाठ आहे, पण त्यातल्या एकाही रस्त्यावरून मी गेलेली नाही.

संध्याकाळी ताईंचा फोन आला. ताई म्हणजे माझी नणंद, यांची थोरली बहीण. ‘मी येते तुझ्याबरोबर.’ विचारलं नाही, सांगितलं. मला नाही म्हणता येत नाही, हे त्यांना माझ्या लग्नापासून ठाऊक आहे.

६ एप्रिल

सकाळी सातला निघायचं होतं. दुपार होत आली तेव्हा निघालो.

ताई टेम्पो घेऊन आल्या. मला आधी वाटलं टेम्पोवाला पत्ता चुकला. खोकी, गाठोडी, शिलाई मशीन, गुंडाळलेली गादी, दोन कुंड्या. पंधरा दिवसांसाठी एवढं, असं मी विचारलं. ‘लागतं,’ म्हणाल्या. टेम्पोवाल्याला हाताशी धरून त्यांनी सगळं डब्याच्या मागच्या टोकाला छतापर्यंत रचलं, कारण पुढचं बाक त्यांना बसायला मोकळं हवं होतं. मी नुसती बघत राहिले. आयुष्यभर इस्पितळात परिचारिका होत्या, शेवटी शेवटी तर अख्ख्या वॉर्डाच्या मुख्य. अजूनही सगळं जग त्यांना वॉर्डच वाटतं.

लग्न केलं नाही त्यांनी. निवृत्तीनंतर इस्पितळातल्याच एका मैत्रिणीच्या घरी दोघी राहतात. म्हणून विचारलं, मैत्रीण एकटी घर सांभाळेल का? ‘ती गेली,’ ताई म्हणाल्या आणि दोरीची गाठ दातांनी ओढली. ती बाई अधूनमधून पुतण्याकडे जाऊन राहते, मला माहीत आहे. म्हणजे घराला कुलूप, आणि चोरांच्या भीतीने सगळा संसार माझ्या मागे. बरं आहे. पेट्रोल माझं आणि गोदामही माझंच.

७ एप्रिल

आज जीव वाचला एवढंच.

मोठ्या रस्त्यावर जरा वेग घेतला की डबा शेपटी हलवायला लागतो. आधी हळू. मग एखादा ट्रक बाजूने गेला की असे हेलकावे खातो की गाडीची मागची चाकं कुठे निघाली तेच कळत नाही. आज एकदा आम्ही दोन्ही लेनमधून एकाच वेळी चाललो होतो. मी ब्रेक दाबला तर आणखीच वाईट. शेवटी पाय उचलून नुसतं स्टिअरिंग धरून बसले आणि गाडी आपोआप शांत झाली.

सगळं थांबल्यावर ताई म्हणाल्या, तुझा श्वास फार वरवर चालतो, पोटातून घे. मला वाटलं त्यांना तिथेच उतरवावं आणि मग पोटातून श्वास घ्यावा.

बैलगाडीच्या वेगाने पुढे आलो. मागून सगळे हॉर्न वाजवत होते.

८ एप्रिल

पेट्रोल पंपावर अडकले. आत शिरले तेव्हा जागा होती. भरून होईपर्यंत पुढे एक टँकर येऊन उभा राहिला. मागे जायला हवं होतं. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की डबा उजवीकडे जातो, एवढं समजतं मला. डोक्याला समजतं, हातांना समजत नाही. डबा आणि गाडी यांचा काटकोन झाला आणि पंपाची दोन्ही तोंडं बंद झाली.

मग जमले सगळे. एक म्हणे स्टिअरिंग सोडा, एक म्हणे पूर्ण कापा, तिसऱ्याने खिडकीतून हात घालून माझं स्टिअरिंगच धरलं. तेवढ्यात ताई उतरल्या. त्यांनी त्या माणसाचा हात मनगटाशी धरला आणि नाडी बघावी तसा बाहेर काढून ठेवला. बाकीच्यांना म्हणाल्या, गर्दी कमी करा. आणि खरंच, सगळे मागे सरकले. टँकरवाल्यालाच त्यांनी हलायला लावलं. मी पुढूनच बाहेर पडले.

आभार मानायला हवे होते. पण गाडीत बसताच म्हणाल्या, ‘एवढं रडायला काय झालं?’ मी रडत नव्हते. डोळ्यांत पेट्रोलची वाफ गेली होती.

१० एप्रिल

डब्याच्या डाव्या चाकातून जळका वास येत होता. कसंबसं पुढच्या गावातल्या गॅरेजपर्यंत आणला. बेअरिंग गेलंय. मेकॅनिक म्हणाला पार्ट उद्या येईल, आणि डबा उचलायचा तर आधी आतलं वजन काढा. त्याने दार उघडलं आणि शीळ घातली. म्हणाला, वजन सगळं मागे ठेवलंय, डबा डोलणार नाही तर काय करेल.

म्हणजे तीन दिवस मी जिवावर उदार होऊन चालवत होते ते शिलाई मशीनपायी.

ताईंना काही बोलले नाही. म्हणजे बोलले, पण थोडंच. मग सगळं सामान काढून गॅरेजच्या भिंतीशी मांडलं. येणारेजाणारे थांबून बघायचे, काही विकायला आहे का विचारायचे. काय काय निघालं त्यातून! पडदे, कड्यांसकट. भिंतीवरचं घड्याळ. पायपुसणं. न्हाणीतला मग. इस्त्री. दोन ताटं, दोन वाट्या, दोन पेले, वर्तमानपत्रात एकेक वेगळं गुंडाळून. आणि एका खोक्यात घराच्या दारावरची पाटी, तिच्यावर ताईंचं आणि मैत्रिणीचं नाव, सोबत कागदाच्या पुडीत तिचे स्क्रू.

मला हसू आवरेना. म्हटलं, ताई, चोर पाटीसुद्धा नेतील वाटलं का? त्या हसल्या नाहीत. माझ्या हातातून पाटी घेतली, बाहीने पुसली आणि परत खोक्यात ठेवली. विनोदाचं वावडंच आहे त्यांना, पहिल्यापासून.

११ एप्रिल

पार्ट उद्या येईल.

डबा गॅरेजच्या आवारात, आम्ही समोरच्या लॉजमध्ये. खोलीत एकच खिडकी, ती गॅरेजकडेच उघडते. दिवसभर हातोडीचा आवाज.

ताई सकाळी चहाच्या दुकानात गेल्या त्या बऱ्याच वेळाने आल्या. दुपारी मी तिथे गेले तर दुकानदार विचारतो, तुमच्या थोरल्या बाईंना खोली पसंत पडली का? कसली खोली? तर ताई गावात भाड्याच्या खोल्यांची चौकशी करत होत्या. एकटीला पुरेल अशी, इस्पितळापासून फार लांब नको. मला असा राग आला! मी घोरते हे मान्य आहे, पण म्हणून दोन दिवसांसाठी दुसरी खोली? लॉजचं भाडंही मीच भरतेय. विचारलंही नाही त्यांना. विचारून वर ऐकून कोण घेणार.

१२ एप्रिल

आज व्हायचं ते झालं. लिहू नये असं वाटतं, पण लिहिते.

पार्ट आला. चाक बसलं. सामान आत चढवायचं होतं, या खेपेस पुढे. मी मेकॅनिकशी बोलत होते तेवढ्यात ताईंनी आतून डबा घासायला घेतला. आत जाऊन बघते तर ओट्यावरची फळी, कपाटांच्या आतल्या बाजू, सगळं साबणाच्या पाण्याने लखलखीत. तिथे यांच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. मापं. बांधताना लिहिलेली, यांच्या बारीक तिरक्या अक्षरात. एका ठिकाणी ‘इथे हिचे चष्मे’ असं लिहिलं होतं. मी कधीमधी शेडमध्ये जाऊन ते दार उघडून बघायचे. कुणाला सांगितलं नव्हतं. आता फळी कोरी होती.

मी म्हटलं, ‘काय केलंत हे?’

‘काळं झालं होतं सगळं,’ त्या म्हणाल्या.

मग माझा तोल गेला. म्हटलं, ‘तुम्हाला कुणी बोलावलं होतं? पहिल्या दिवसापासून माझ्या मागे बोजा झालाय तुमचा. घर आहे ना स्वतःचं? तिथे बसायचं आणि काय पुसायचं ते पुसायचं.’

ताई फडकं पिळत होत्या. पिळत राहिल्या. फडक्यातून पाणी यायचं थांबलं तरी. मग ‘बरं’ म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘पुढच्या मोठ्या गावात मला सोड. बस मिळेल. सामान तेवढं लेकीकडे ठेव, मी मागवून घेईन.’

मीही म्हटलं, बरं.

१३ एप्रिल

डबा आता सरळ चालतो. गाडीत कुणी बोलत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा सुधारतील.

सकाळी निघताना ताई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, ‘मला ती अक्षरं दिसली नाहीत गं. चष्म्याचा नंबर वाढलाय. डाग वाटले.’ मी नुसतं हं केलं.

दुपारी मोठं गाव आलं. बस स्टँडच्या समोर डबा लावायला जागा नव्हती, म्हणून मी पुढे आले. त्यांनी विचारलं नाही. जागा खरंच नव्हती.

१५ एप्रिल

आज डोंगर. चढावर गाडीचं इंजिन इतकं तापलं की दोनदा थांबून बॉनेट उघडं ठेवून बसावं लागलं. कसंबसं वर पोचलो, उतरायला लागलो, तर पुढे दरड कोसळून रस्ता बंद. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला खाली नदी. वळवायला जागा नाही. मागे एक वळण सोडून जरा रुंद जागा होती. तिथपर्यंत मागे जाणं हा एकच मार्ग.

मी हँडब्रेक ओढून बसले आणि म्हटलं, मला नाही जमणार. दरड काढतील तेव्हा काढतील, मी इथेच राहते.

ताई उतरल्या. गाडीला वळसा घालून माझ्या खिडकीशी आल्या. म्हणाल्या, ‘डब्याकडे बघूच नकोस. आरशात फक्त माझा हात बघ. हात जिकडे जाईल तिकडे स्टिअरिंगचा खालचा भाग ने. डावं-उजवं विसर.’ आणि मागे जाऊन दरीच्या बाजूला उभ्या राहिल्या. काठाच्या इतक्या जवळ की मला ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही. स्टिअरिंग खालून धरलं आणि हात बघितला.

ऑपरेशनच्या खोलीत असेच हात असतील त्यांचे. घाई नाही. इकडे थोडं. थांब. तिकडे थोडं. थांब. वळण आलं तेव्हा मला काही दिसतच नव्हतं, आरशात एक हात आणि त्यामागे आभाळ. मग हात वर झाला, पंजा उघडा. आम्ही रुंद जागेत होतो, डबा सरळ, चाकं रस्त्यावर.

मी हँडब्रेक ओढून उतरले. दोघी दगडावर बसून पाव आणि उकडलेली अंडी खाल्ली. मीठ आणायचं राहिलं होतं. ताई म्हणाल्या, ‘माझ्या भावाला हे जमलं नसतं. तो चिडून गाडी सोडून चालत निघाला असता.’ खरं आहे. निघालेच असते.

आता उलट्या दिशेने जाऊन लांबच्या रस्त्याने फिरून यावं लागणार. म्हणजे आणखी एक दिवस वाया. संध्याकाळपर्यंत पुन्हा माझी चिडचिड सुरू.

१६ एप्रिल

लांबचा रस्ता खड्ड्यांचा. एक कुंडी फुटली. ताईंनी माती गोळा करून रोप पेल्यात लावलं.

संध्याकाळी नदीकाठी ट्रेलर लावायची जागा मिळाली. तिथला रखवालदार नाव-पत्ता विचारत होता. मी माझा सांगितला. मग ताईंना विचारलं तर त्यांनीही माझाच पत्ता सांगितला, गल्ली, घर क्रमांक, सगळं न अडखळता. मी म्हटलं, अहो, तुमचा विचारतायत. त्या म्हणाल्या, ‘एकच लिहू दे, सोपं पडेल त्याला.’ रखवालदाराच्या सोयीची एवढी काळजी. माझ्या सोयीची कधी केली नाही.

मोठी गावं आणखी दोन लागून गेली. बसचा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही. एवढ्या सामानाचं मी लेकीला काय सांगणार होते, हा प्रश्न होताच.

१८ एप्रिल

पोचलो. लेक रस्त्यावरच उभी होती, गमबुटांत, कोपरापर्यंत कसलेतरी डाग. डब्याला चहूबाजूंनी हात लावून बघितला. मग दार उघडलं आणि म्हणाली, ‘आई, हे काय आहे?’

तिचं घर म्हणजे पुढे दवाखाना, मागे दोन लहान खोल्या. डबा रिकामा करायलाच हवा होता. तासाभरात ताईंचं सामान तिच्या ओट्यावर ओळीने उभं राहिलं. ताई मागच्या बाजूला भांडी विसळायला गेल्या. लेक ती ओळ बघत उभी होती.

‘आत्या आता राहते कुठे?’ तिने विचारलं.

‘मैत्रिणीकडे. तू जाऊन आली आहेस की.’

‘मग ही दाराची पाटी इथे का आहे?’

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. चोर, कुलूप, पुतण्या, सगळं तयार होतं. पण लेकीच्या तोंडाकडे बघून ते बाहेरच येईना. तिला ती ओळ बघून जे कळलं, ते मी अख्ख्या देशाच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत ओढत आणलं होतं आणि मला कळलं नव्हतं.

मागे गेले. ताई नळाखाली पेला धरून उभ्या होत्या.

‘मैत्रीण कधी गेली?’ मी विचारलं.

‘थंडीत.’

‘तुम्ही मला नीट सांगितलं नाहीत.’

‘गेली, म्हटलं होतं. याहून नीट कसं सांगतात?’

नळ बंद करून त्यांनी बाकीचं सांगितलं. घर मैत्रिणीच्या नावावर होतं, आता पुतण्याचं झालं. तो वाईट नाही म्हणाल्या, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत राहू दिलं त्याने. मी निघणार हे त्यांना लेकीकडून कळलं. वाटेत मला विचारायचं ठरवलं होतं. ‘रोज विचारणार होते. रोज तुझं काहीतरी बिनसलेलं असायचं.’

मला भयंकर राग आला. त्यांचा, माझा, त्या पुतण्याचा. थंडीत गेली, आणि मी एक फोनसुद्धा केला नव्हता. हे असते तर त्यांनी केला असता. म्हटलं, ‘माझ्याकडे चला राहायला.’ पण ते इतकं खेकसून म्हटलं गेलं की आतून लेकीने डोकं बाहेर काढलं.

‘दया नको करूस,’ ताई म्हणाल्या.

‘दया करायचं त्राण नाही उरलेलं माझ्यात. खोली रिकामी आहे. एकटीला मलाही करमत नाही तिथे.’

‘तुझ्याकडे मला करमणार नाही.’

‘नाही करमलं तर नाही करमलं.’

त्यांनी पेला पुसला. मग तोच पेला पुन्हा पुसला.

२१ एप्रिल

तीन दिवस ताई लेकीच्या दवाखान्यात राबल्या. काल एका गाईच्या पोटातून वासरू काढताना लेकीने मला कंदील धरायला सांगितला आणि ताईंना आत हात घालायला. मी बाहेर येऊन ओकले. ताईंनी हात धुतले आणि जेवल्या.

डब्यावर आता पांढरा रंग चढतोय. आत औषधांच्या बाटल्यांसाठी खण ठोकले. लेक म्हणाली, बाबांनी ओटा किती पक्का बांधलाय बघ, वासरू उभं राहील. मी आत जाऊन बघितलं आणि बाहेर आले. जास्त वेळ थांबले नाही.

आज सकाळी निघालो. मोठं सामान लेक ट्रकने पाठवील. मागे डबा नाही म्हणून गाडी इतकी हलकी वाटते की आरशात बघितलं की दचकायला होतं. ताई पुढच्या सीटवर, मांडीवर पेल्यातलं रोप. किल्ली फिरवायच्या आधीच बोलायला लागल्या.

‘तुझ्याकडे सकाळचं ऊन कुठल्या खोलीत येतं?’

‘मधल्या.’

‘मग ती तुलाच राहू दे. मला उन्हात झोप लागत नाही. मी मागची घेते. आणि तिथला तो माळा आहे ना, तो आधी रिकामा करावा लागेल.’

मधली खोली मी त्यांना द्यायचं ठरवलं होतं. तीन दिवस मनात घोळवत होते, कसं सांगायचं म्हणून. आता ते सांगायची सोयच राहिली नाही. माळ्यावर यांचे कपडे आहेत, ते मी अजून खाली काढलेले नाहीत, हेही बोलले नाही. म्हटलं, बघू. गाडी सुरू केली. गल्लीच्या तोंडाशी दुधाची गाडी आडवी उभी होती.

‘मागे घे,’ ताई म्हणाल्या.

घेतली.